खाकी कागदावरचं पाऊल: मुलांसाठी अमेरिकेचा इतिहास लिहायचा तर

जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालून झाली की घराघरांत खाकी कागदाचा थोडा रोल उरतो. तो टाकू नका. मुलांसाठी अमेरिकेच्या इतिहासावर पुस्तक लिहायचं तुमच्या मनात असेल, तर पहिलं काम त्या कागदाचंच आहे.

पंचवटीत माझ्या घराच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी दहा-बारा मुलं गोष्टी ऐकायला येतात. एका रविवारी मी प्रत्येकाच्या हातात खाकी कागद दिला आणि सांगितलं, यावर पाऊल ठेवा नि पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढा. गुदगुल्या झाल्या, हसणं झालं, कुणाची करंगळी सुटली, कुणाची टाच फुगली. कागद कापून झाल्यावर म्हटलं, ‘आता हा कागद घेऊन बुटांच्या दुकानात जायचं. दुकानदार कागद बघून बूट देईल. पायात घालून बघायचा नाही. घरी आल्यावर चावला तर चावला.’ पाचवीतली एक मुलगी एकदम गप्प झाली होती. तिने विचारलं, ‘बाई, घालून बघितला तर काय होईल?’

माझं एक पुस्तक या प्रश्नापासून सुरू होतं. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात क्लॉडेट कोल्व्हिन नावाची मुलगी वाढत होती. काळ्या मुलांना दुकानात बूट घालून बघू देत नसत, खाकी पिशवीच्या कागदावर पावलाची आकृती काढून ती दुकानात न्यावी लागे, हे तिनेच पुढे सांगितलं आहे. २ मार्च १९५५ ला शाळेतून घरी जाताना तिने बसमधली जागा गोऱ्या बाईसाठी सोडायला नकार दिला. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. पोलिसांनी तिला बसमधून उतरवलं, हातात बेड्या घातल्या. अशीच जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली ती त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला. मग शहरातल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. बसमधल्या या भेदाविरुद्ध कोर्टात जो खटला उभा राहिला, त्यात फिर्याद करणाऱ्यांमध्ये क्लॉडेटही होती.

‘वंशभेद’ हा शब्द त्या पुस्तकात एकदाही आलेला नाही. कागदाने काम केलं.

मी सव्वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि गेली आठ वर्षं मुलांसाठी लिहिते आहे. या काळात मला एक गोष्ट पटली, ती अशी: मुलाच्या हातात किंवा पायाशी येईल एवढी एक खरी वस्तू सापडेपर्यंत लिहायला बसू नये. ‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध’ या विषयाला हात लावायला जागाच नाही. चहाच्या पेटीला आहे.

म्हणून विषय ठरवताना शतक घेऊ नका, एक दिवस घ्या. १६ डिसेंबर १७७३, बोस्टनचं बंदर, रात्र. तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात ओतल्या गेल्या. चहा सुमारे ९२,००० पौंड, म्हणजे जवळजवळ ४२ हजार किलो. हा आकडा मुलाला काहीच सांगत नाही, म्हणून घरात येणारा अर्धा किलोचा पुडा हातात द्या आणि गुणाकार त्यालाच करू द्या. ‘चौऱ्याऐंशी हजार पुडे!’ हे त्याच्या तोंडून येऊ दे. आणि त्या रात्रीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ओहोटी होती. पाणी उथळ, चहा बुडेना, जहाजांच्या कडेला ढीग साचायला लागले. मुलं हे ऐकून लगेच कामाला लागतात: मग ढकलला का? काठीने का? घमेल्याने का? ‘करांविरुद्ध असंतोष’ हे वाक्य वाचून आजवर कुणी असा प्रश्न विचारलेला मी बघितला नाही.

तो चहा कुणाचा होता? ईस्ट इंडिया कंपनीचा. इथे आपल्या मुलाचे कान टवकारतात, कारण ही कंपनी त्याच्या ओळखीची आहे. त्याच वर्षी, ३० ऑगस्टला, पुण्यात शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला होता. गंगापूर रोडने जाताना लागणारं आनंदवली ज्या राघोबादादा-आनंदीबाईंशी जोडलेलं आहे, त्यांच्या घरची ही गोष्ट. पुढे अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला. या दोन खंडांचा इतिहास आपण वेगवेगळ्या वह्यांत लिहिला, पण तो घडला एकाच वेळी.

आता इथे एक धोका आहे. आपल्या ओळखीचा धागा सापडला की लेखकाला तोच ओढत बसावंसं वाटतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात बोस्टनची गोष्ट चार पानं आणि पेशवाई सोळा पानं झाली होती. धागा मुलाला दारापर्यंत आणण्यापुरता वापरा, मग सोडून द्या. निफाड-पिंपळगावकडच्या मुलाला ‘थॉमसन’ द्राक्षाचं नाव कॅलिफोर्नियातल्या एका शेतकऱ्यावरून पडलं आणि बागेत ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात तो डॉगरिज खुंट मूळचा टेक्सासचा, एवढं सांगितलं की त्याला टेक्सास नकाशात शोधावंसं वाटतं. तेवढं बस. पुढचं पान टेक्सासचंच असू दे, तिथला वारा, तिथली माती, तिथली माणसं.

‘अमेरिकेचा इतिहास आपल्या मुलांना कशाला?’ हे पालक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. मी त्यांना १८७३ साल सांगते. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामगिरी मोडण्यासाठी जे सोसलं त्याबद्दल. पुण्यात बसून जोतीरावांना तो इतिहास आपला वाटला. दहा वर्षांनी आनंदीबाई जोशी बोटीने निघाल्या आणि ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांचं निधन पुण्यात झालं, पण रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. न्यू जर्सीत मामा-काका असलेल्या नाशिकच्या मुलांना मी हे सांगते, तेव्हा कुणी ना कुणी म्हणतंच, ‘आम्ही गेलो की जाऊन येऊ.’

ज्या पुस्तकावर माझा सर्वांत जास्त जीव आहे, त्याची वस्तू होती बाराखडी.

सेक्वोया हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी चेरोकी जमातीचा माणूस, चांदीकाम करायचा. पायाने अधू. त्याला इंग्रजी येत नव्हतं, कुठलीच लिपी येत नव्हती. पण गोरे लोक कागदावर खुणा करून दूरच्या माणसाशी बोलतात, हे त्याने पाहिलं होतं. सुमारे बारा वर्षं तो आपल्या भाषेसाठी लिपी शोधत राहिला. आधी प्रत्येक शब्दाला एक खूण करायला गेला. खुणा हजारोंनी वाढत गेल्या तेव्हा ते सोडून तो उच्चार ऐकू लागला. १८२१ च्या सुमाराला ८६ अक्षरं तयार झाली, पुढे त्यातलं एक गळून ८५ राहिली. इंग्रजी शिकलेल्या मुलाला हे समजावणं अवघड, मराठी मुलाला मुळीच नाही. कारण सेक्वोयाचं एकेक अक्षर म्हणजे एकेक उच्चार: ला, ले, ली, लो. काही अक्षरांचे आकार त्याने इंग्रजी छापील पुस्तकातून उचलले, पण उच्चार सगळे आपले. इंग्रजी डीसारखं दिसणारं अक्षर ‘अ’, आरसारखं ‘ए’, डब्ल्यूसारखं ‘ला’. फळ्यावर डब्ल्यू काढून मी ‘ला’ म्हणाले तेव्हा तिसरीतला एक मुलगा ओरडला, ‘बाई, ही बाराखडी आहे!’

लिपी खरी आहे हे लोकांना पटेना. तेव्हा सेक्वोया आणि त्याची लहान मुलगी अयोका यांना एकमेकांपासून लांब ठेवलं गेलं. लोकांनी सांगितलेलं एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने ते वाचून दाखवायचं. अयोकाने वाचलं. ही लिपी सर्वांत आधी शिकलेली ती मुलगी! माझ्या पुस्तकात गोष्ट तिच्या बाजूने येते, आणि तो प्रसंग आम्ही ओसरीवर करून बघतो: एक मूल स्वयंपाकघरात, एक अंगणात, मध्ये चिठ्ठी घेऊन पळणारं तिसरं. करून बघितल्याशिवाय लिहू नका. करताना मला कळलं की चिठ्ठी येईपर्यंत बाहेरच्या मुलाला काय करावं सुचत नाही, ते पायाने माती उकरत राहतं. ते मातीचं वाक्य पुस्तकात गेलं, अर्थात गोष्टीत रचलेल्या दुसऱ्या मुलाच्या नावाने. अयोकाने माती उकरली असं मी लिहू शकत नाही.

चांदीकाम कसं दिसतं हे लिहिण्यासाठी सराफ बाजारात एका कारागिराशेजारी दोन दुपारी बसले. नाशिकची चांदी एवढी नावाजलेली, आणि आम्ही फक्त काचेच्या पलीकडून बघतो. पत्र्यावर टोकदार सळई टेकवून तो हातोडीचे हलके ठोके द्यायचा. मधेच अंगठ्याने पत्रा पुसायचा आणि तिरका धरून उजेडात बघायचा. नक्षी समोरून दिसत नाही, तिरकी दिसते. नवं अक्षर काढून झाल्यावर ते तिरकं धरून बघणारा माणूस मला त्या दुपारी सापडला. पुस्तकात तो सेक्वोयाच्या शेजारी राहणारा एक कल्पित चांदीकामगार आहे.

१८२५ मध्ये चेरोकी राष्ट्राने ती लिपी स्वीकारली. २१ फेब्रुवारी १८२८ ला ‘चेरोकी फिनिक्स’ हे वर्तमानपत्र निघालं, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. आपल्या बाळशास्त्रींचं ‘दर्पण’ १८३२ चं, म्हणजे त्याच्याही चार वर्षं नंतरचं. इथे पुस्तक संपवावं, असं मला सुचवण्यात आलं होतं. छान शेवट, हसरी मुलं, वर्तमानपत्र हातात. मी नाही म्हटलं. कारण दहाच वर्षांत, १८३८ मध्ये, सैनिकांनी चेरोकींना घरांतून काढलं, छावण्यांत कोंडलं आणि शेकडो मैल पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमाकडे नेलं. त्या हाकलण्यात सुमारे चार हजार माणसं गेली असं मानतात. हे लपवून अक्षरांचा उत्सव करणं मुलांशी खोटं बोलणं आहे.

पण आठ वर्षांच्या मुलाला मरण सांगायचं कसं? मी मृत्यूची वर्णनं लिहीत नाही, आणि मृत्यू गाळतही नाही. घर सोडताना बरोबर काय घेता येईल आणि काय मागे राहील, हे लिहिते. ‘चुलीवरचं भांडं तसंच राहिलं’ एवढं वाक्य पुरतं. मग साध्या शब्दांत सांगते की वाटेत खूप माणसं मेली, त्यांत मुलंही होती. मूल त्यापुढे विचारेल तेवढंच उत्तर द्यावं, आणि विचारायला मोठं माणूस शेजारी असावं. म्हणून अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘हे पुस्तक मोठ्यांबरोबर वाचा’ असं मी छापून घेते.

चित्रकाराबरोबर बसायला विसरू नका. आमच्या तरुण चित्रकाराने सेक्वोयाच्या डोक्यावर पिसांचा मोठा मुकुट काढला होता, कारण सिनेमात तेच दिसतं. तो मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचा. सेक्वोयाच्या प्रसिद्ध चित्रात त्याच्या डोक्याला कापड गुंडाळलेलं आहे, आपल्या मुंडाशाच्या जवळचं, आणि हातात अक्षरांचा तक्ता. पुढच्या खर्ड्यात मुंडासं आलं, पण सेक्वोया ओक्लाहोमाला निघालेल्या तांड्याच्या पुढे चालत होता. तो त्या तांड्यात नव्हता. काही वर्षं आधीच तो पश्चिमेला गेला होता. ते पान पुन्हा काढावं लागलं आणि चित्रकाराने ते मनापासून काढलं. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे जुने फोटो आणि चित्रं इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. चित्रकाराला नुसता मजकूर पाठवण्याऐवजी ते फोटो लावून द्या.

शब्दांकडे आता येते, कारण मराठीत आपण काही शब्द न तपासता वापरतो. ‘कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला.’ १२ ऑक्टोबर १४९२ ला तो बहामातल्या एका बेटावर उतरला तेव्हा तिथे माणसं राहत होती, मग शोध कुणी कुणाचा लावला? ‘कोलंबस पोहोचला’ लिहा. ‘रेड इंडियन’ नको. जमातीचं नाव लिहा: चेरोकी, लकोटा, नावाहो. ‘गुलाम’ हा शब्द टाळता येत नाही, पण पहिल्यांदा तो येतो तेव्हा मी ‘गुलाम केलेली माणसं’ लिहिते, म्हणजे कुणीतरी ते केलं हे वाक्यातच राहतं.

आणि वस्तूंचे शब्द मुलांच्या घरांतून घ्या. १५ जानेवारी १९१९ ला बोस्टनमध्ये पन्नास फूट उंचीची टाकी फुटली, आतल्या दाट, चिकट द्रवाची लाट रस्त्यावर आली आणि २१ माणसं दगावली. मी त्या द्रवाला ‘काकवी’ लिहिलं होतं. एका मुलाचे वडील साखर कारखान्यात नोकरीला आहेत. तो म्हणाला, ‘काकवी भाकरीशी खातात. ही मळी आहे. पप्पांच्या कारखान्यात टाकी आहे तिची.’ त्याचं बरोबर होतं. बोस्टनचा साठाही मद्यार्क बनवण्यासाठीच होता, आणि आपल्याकडे त्याला मळीच म्हणतात. शब्द बदलल्यावर वासही बदलला. कारखान्याच्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला तो वास ठाऊक आहे.

आता खऱ्या-खोट्याचं. आपल्या किती शाळांच्या भिंतीवर लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र लावलेलं आहे! शब्द सुंदर आहेत. पण लिंकनने असं पत्र लिहिल्याचा कुठलाही पुरावा नाही. लहानग्या वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडून कबूल केल्याची गोष्टही त्याच्या मृत्यूनंतर वीम्स नावाच्या चरित्रकाराने घातलेली. खरं बोलण्याचा धडा देण्यासाठी रचलेली गोष्ट खरी म्हणून सांगायची, हे माझ्याच्याने होत नाही.

मी त्याऐवजी लिंकनचं खरं पत्र सांगते. ऑक्टोबर १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला लिहिलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी राखा, बायकांना दाढी आवडते, मग त्या नवऱ्यांना तुम्हाला मत द्यायला लावतील. माझे चार भाऊ आहेत, त्यातले काही तुम्हालाच मत देणार, उरलेल्यांनाही मी वळवेन. लिंकनने चारच दिवसांनी उत्तर दिलं: मला मुलगी नाही, तीन मुलगे आहेत, सतरा, नऊ आणि सात वर्षांचे. दाढीचं वचन काही दिलं नाही. फेब्रुवारी १८६१ मध्ये अध्यक्षपद घ्यायला जाताना त्याची गाडी वेस्टफील्डला थांबली, त्याने गर्दीत ग्रेसला बोलावलं, आणि तोवर त्याच्या चेहऱ्यावर दाढी होती.

या गोष्टीत एकही वाक्य मला रचावं लागलं नाही. आणि मुलं स्वतःच विचारतात, ‘ग्रेसच्या आईने का नाही मत दिलं?’ तेव्हा सांगता येतं की अमेरिकेत सगळीकडे बायकांना मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं.

म्हणून माझा नियम असा. जी माणसं खरोखर होऊन गेली, त्यांच्या अवतरणचिन्हांत फक्त त्यांचेच शब्द, पत्रांतले किंवा त्यांनी सांगितलेले. संवाद हवेच असतील तर शेजारचं एखादं मूल रचा आणि त्याला बोलू द्या. शेवटच्या पानावर ‘यात खरं काय, रचलेलं काय’ हे मुलांना समजेल असं लिहा. ते पान मुलं वाचत नाहीत असं मोठ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे, ती तिथूनच भांडायला येतात.

छपाईचं थोडक्यात: दोन फर्म्यांचं, ३२ पानांचं पुस्तक धरा. त्यात हजार-बाराशे शब्द पुष्कळ झाले. पहिली-दुसरीसाठी त्याहून निम्मे. राइट बंधूंच्या पुस्तकात तर एक पूर्ण पान फक्त ‘बारा सेकंद’ एवढ्याच शब्दांचं आहे. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२० फूट होतं. दोरी मोजून घ्या आणि मुलांना मैदानात पळवा. ओझरची मुलं, रोज डोक्यावरून लढाऊ विमानं जाणारी, दोरीच्या टोकाशी उभी राहून म्हणतात, ‘एवढंच?’ आणि मग दोरीकडे बघत राहतात.

खर्डा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. हातात पेन्सिल ठेवा. मूल पाणी प्यायला उठलं की त्या ओळीवर खूण. तीन मुलं एकाच ओळीला उठली तर ती ओळ जाऊ दे, कितीही आवडती असो.

आणि एक पान कोरं ठेवा. क्लॉडेटच्या पुस्तकात २ मार्च १९५५ या तारखेनंतर मी एक पान मोकळं सोडलं आहे, त्याखाली फक्त एवढंच: ‘२ मार्च १९३०. नाशिक. घरात विचारा.’ काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्या दिवशी सुरू झाला, माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. मी गोष्ट सांगितलेली नाही. मॉन्टगोमेरीची बस आणि पंचवटीतलं देऊळ एकच आहेत असंही म्हटलेलं नाही. ती पाचवीतली मुलगी पुस्तक घरी घेऊन गेली. पुढच्या रविवारी पान भरून आलं होतं, अर्धं तिच्या अक्षरात आणि अर्धं आजोबांच्या थरथरत्या अक्षरात. आजोबांचे वडील त्या दिवशी दाराशी बसले होते. पानाला टाचणीने एक खाकी कागद जोडलेला होता, आजोबांच्या पावलाचा.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘पणजोबांच्या पायाचं माप कुणी घेतलंच नाही. म्हणून यांचं आणलं.’